मुक्तस्रोत परिचालन प्रणालींचे आंतरराष्ट्रीय मानकीकरण

मुक्तस्रोत परिचालन प्रणालींचे आंतरराष्ट्रीय मानकीकरण : संगणकाची स्मृती, चकती, कळफलक, पडदा इ. भागांवर नियंत्रण ठेवून इतर आज्ञावलींना त्यांचा उपयोग करू देणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसमूहास परिचालन प्रणाली म्हणतात. व्यवहारात तिला ऑपरेटिंग सिस्टिम हे नाव रूढ आहे. ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व इतरांना देता येते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. लिनक्स हे तिचे सर्वाधिक प्रसार पावलेले उदाहरण आहे. मालकी हक्काच्या प्रणालीत कोणती गोष्ट कशी चालावी, हे मालक कंपनी ठरविते. मुक्तस्रोत प्रणालीस असा एक मालक नसतो व तिच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी प्रचारात असतात. त्यांच्यात एकवाक्यता राहण्यासाठी सर्वांनी मान्य केलेल्या लेखी नियमांची, म्हणजे मानकांची, आवश्यकता असते. ही मानके दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारची मानके आज्ञावली व प्रणाली यांच्यातील व्यवहार ठरवितात. दुसऱ्या प्रकारची मानके मानवी भाषांची अक्षरे, अंक, अक्षरक्रम व संकेत संगणकात कसे दर्शवावयाचे, हे ठरवितात. मराठी भाषकांच्या दृष्टीने दुसरा प्रकार विशेष महत्त्वाचा आहे. कारण संगणकावर मराठी शुद्ध उमटते की नाही व आज लिहिलेले उद्या वाचता येते की नाही, हे त्यावरच अवलंबून असते.

यूनिक्स आणि पॉसिक्स : या मानकीकरणाचे मूळ यूनिक्स प्रणालीच्या इतिहासात आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनी यूनिक्सच्या विकासास आरंभ केला. प्रयोगशाळेची मालक असलेल्या दूरध्वनी कंपनीवर मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये निर्बंध असल्यामुळे तिला संगणकाच्या व्यापारात उतरता येत नव्हते. परिणामी यूनिक्स अल्प मोबदल्यात व मूळ आज्ञावलीसह विद्यापीठांना मिळू लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने तिच्यात भर घालून आपली स्वतंत्र आवृत्ती काढली. १९८४ मध्ये मूळ कंपनीचे विभाजन होऊन हे निर्बंध उठले व यूनिक्सचा व्यापार सुरू झाला. प्रत्येक यंत्रनिर्मात्याने आपापली यूनिक्स काढल्यामुळे एका निर्मात्याच्या यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याच्या यंत्रावर बदल केल्याशिवाय चालेनाशी झाली.

या अडचणीवर उपाय म्हणून अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आयईईईने, १९८८ मध्ये १००३.१ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यास पॉसिक्स असे नाव आहे. हे नाव मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचविले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटना (आयएसओ) व आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोग यांनी तेच ९९४५-१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले. अमेरिकेच्या केंद्र शासनाने आपल्या संगणकखरेदीत पॉसिक्सची अट घातल्याने उत्पादकांना त्याची दखल घेणे भाग पडले. प्रणाली आतून कशी रचावी, हे पॉसिक्स सांगत नाही. आज्ञावलीने फाइल उघडण्याची, वाचण्याची वा दुसरे काम सुरू करण्याची विनंती कोणत्या शब्दांत करावी व तिला काय उत्तर मिळावे, एवढेच ते ठरविते. या मर्यादेमुळेच कोणालाही जुन्या यूनिक्सची एकही ओळ न वापरता तिच्याशी सुसंगत अशी नवी प्रणाली लिहिणे शक्य झाले.

स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या मुक्त प्रणालीच्या निर्मितीची घोषणा केली होती व १९९१ पर्यंत तिचे बहुतेक भाग तयार झाले होते. मात्र यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करणारा गाभा अपुरा होता. तो फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरवॉल्ड्स यांनी पुरविला. हा गाभा लिहीत असता जुलै १९९१ मध्ये पॉसिक्सचे नियम संगणकावर वाचता येतील अशा स्वरूपात कोठे मिळतील, अशी जाहीर विचारणा त्यांनी केली होती. मानकाची प्रत त्या काळी विकत घ्यावी लागे. त्यांनी उपलब्ध यूनिक्स यंत्रांच्या माहितीपुस्तिकांवर काम भागविले. सर्वांसाठी असलेले नियम सर्वांना वाचावयास मिळत नाहीत, ही विसंगती पुढे बऱ्याच अंशी दूर झाली. १९९८ पासून आयईईई, ओपन ग्रुप व आयएसओ यांच्या संयुक्त गटाने पॉसिक्सचे काम एकत्र चालविले आणि २००१ च्या आवृत्तीपासून त्याची संहिता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येऊ लागली.

लिनक्स मानक आधार : पॉसिक्स हे मूळ आज्ञावलीच्या पातळीवरील मानक आहे. त्यास अनुसरून लिहिलेली आज्ञावली प्रत्येक प्रणालीवर नव्याने रूपांतरित करून घ्यावी लागते. १९९३ पासून स्लॅकवेअर, डेबियन, रेड हॅट इ. लिनक्स वितरणे निघू लागली, तेव्हा एकासाठी तयार केलेली आज्ञावली दुसऱ्यावर जशीच्या तशी चालावी, अशी नवी गरज उत्पन्न झाली. प्रथम फाइलींच्या मांडणीचा प्रश्न हाती घेण्यात आला व त्याविषयीचे पहिले मानक फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’ या उपक्रमाने याहून व्यापक काम अंगावर घेतले. त्याची पहिली आवृत्ती जून २००१ मध्ये निघाली. फ्री स्टँडर्ड्‌स ग्रुप ही ना-नफा तत्त्वावरील संस्था हे काम पाहत होती; २००७ मध्ये ती व आणखी एक संस्था मिळून लिनक्स फाउंडेशन झाले. २००६ मध्ये हे मानक २३३६० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याच्या आठ भागांपैकी पहिला सर्वसाधारण असून उरलेले सात निरनिराळ्या प्रक्रियकांविषयी होते.

या मानकास मर्यादित यश मिळाले. आज्ञावलीच्या बांधणीसाठी त्यात रेड हॅट परंपरेतील पद्धत स्वीकारलेली होती. डेबियन परंपरेतील वितरणांना ती रूपांतर करून वापरावी लागे. शिवाय मुक्त प्रणालीतील घटक इतक्या वेगाने बदलत की, मानकाची संहिता छापून होईपर्यंत व्यवहार पुढे गेलेला असे. २०१५ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली व त्याच वर्षी डेबियनने या मानकाचा पाठपुरावा जवळजवळ सोडून दिला. २०२१ मध्ये सुधारित आंतरराष्ट्रीय आवृत्ती प्रसिद्ध झाली. तथापि आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य एकाच पेटीत बांधून देण्याची पद्धत तोवर रूढ झाली होती व जुन्या मानकाची निकड कमी झाली होती. लिहिणाऱ्यांनी जे आपणहून पाळले तेवढेच मानक टिकले, असा या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.

भारतीय लिपींचे संकेतन : संगणक अक्षरे ओळखत नाही, अंक ओळखतो, म्हणून प्रत्येक अक्षरास एक ठरावीक संकेतांक द्यावा लागतो. इंग्रजीसाठी १९६३ मध्ये अमेरिकेत ॲस्की हे मानक झाले. भारतीय भाषांसाठी १९८० नंतरच्या दशकात केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या पुढाकाराने इस्की संकेतन व इनस्क्रिप्ट कळफलक तयार झाले. कानपूर येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत भारतीय लिपींवर झालेले संशोधन त्यामागे होते. १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाल्यावर हे काम तेथे पुढे चालू राहिले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे आयएस १३१९४ या क्रमांकाचे राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध केले.

इस्कीची मूळ कल्पना व्याकरणाला धरून होती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णरचना समान असल्याने या सर्व लिपींस एकच कोष्टक पुरते आणि ‘क’ चा संकेतांक देवनागरीत, बंगालीत व तेलुगूत एकच राहतो, असे तिचे तत्त्व होते. अक्षराचा आकार न साठविता उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठवावयाचे व आकार दाखविण्याचे काम वेगळ्या आज्ञावलीवर सोपवावयाचे, ही तिची दुसरी विशेषता होय. अक्षर व आकृती यांची ही फारकत पुढील सर्व प्रगतीचा पाया ठरली.

व्यवहारात मात्र या मानकाचा अंमल अपुरा राहिला. १९९० नंतरच्या दशकात मुद्रण, वृत्तपत्रे व कार्यालये यांतून मराठीचा संगणकीय वापर झपाट्याने वाढला, तो मुख्यतः मानकाबाहेरील टंकांच्या आधारे. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धी अक्षरे अशा देवनागरी आकृतींचे तुकडे बसविलेले असत व प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी असे. त्यामुळे एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की, निरर्थक चिन्हांची रांग दिसे. अशा मजकुरात शब्द शोधणे, नावे अकारविल्हे लावणे किंवा तो दुसऱ्या प्रणालीत नेणे जवळजवळ अशक्य होते. लेख साठविला गेला, पण भाषा साठविली गेली नाही, अशी ही अवस्था होती. त्या काळच्या संगणकीय मजकुराचे परिवर्तन करण्याचे काम पुढे अनेक संस्थांना करावे लागले.

युनिकोड व देवनागरी : जगातील सर्व लिपींना एकाच कोष्टकात स्वतंत्र जागा देणाऱ्या युनिकोड मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९३ मध्ये त्याचा व आयएसओ १०६४६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा मेळ घालण्यात आला. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला आहे. उच्चारक्रमाने साठवण्याचे तत्त्वही त्यात कायम राहिले. प्रत्येक लिपीस मात्र वेगळा विभाग मिळाला. १९९२ मध्ये टॉम्प्सन व रॉब पाइक यांनी युनिकोडचे संकेतांक बाइटांच्या मालिकेत लिहिण्याची यूटीएफ-८ ही पद्धत शोधली. तिच्यात जुनी इंग्रजी फाइल बदलावी लागत नसल्याने यूनिक्स व लिनक्स यांत ती सहज रुजली. २००२ मधील रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत ती मूळ पद्धत म्हणून देण्यात आली.

हे मानक प्रत्यक्षात कसे कार्य करते, हे एका ग्रामनामावरून स्पष्ट होईल. रायगड जिल्ह्यातील ‘निडी’ हे नाव संगणकात न, ऱ्हस्व वेलांटी, ड व दीर्घ वेलांटी अशा चार संकेतांकांनी या क्रमाने साठविले जाते. यूटीएफ-८ पद्धतीत त्याचे बारा बाइट होतात. इस्कीत चारच होत. पडद्यावर मात्र पहिली वेलांटी ‘न’ च्या आधी दिसली पाहिजे व दुसरी ‘ड’ च्या नंतर. साठवणीचा व दर्शनाचा क्रम असा वेगळा असल्याने मध्ये अक्षरजुळणी करणारी आज्ञावली लागते. ‘निडी तर्फे अष्टमी’ हे रोहे तालुक्यातील महसुली नाव घेतले, तर तीत आणखी दोन कामे वाढतात : ‘तर्फे’ मधील र साठवणीत फ च्या आधी असून तो रफार होऊन फ च्या माथ्यावर जावयास हवा आणि ‘अष्टमी’ मध्ये ष व ट यांचे जोडाक्षर व्हावयास हवे. अशा जुळणीचे नियम टंकातच अंतर्भूत करण्याची सोय ओपनटाइप या टंकपद्धतीत आहे. मायक्रोसॉफ्ट व अडोबी या कंपन्यांनी ती १९९६ मध्ये जाहीर केली व २००७ मध्ये १४४९६-२२ या क्रमांकाने ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. एका लहान गावाचे नाव कोणत्याही देशातील संगणकावर बिनचूक उमटण्यामागे संकेतन, बाइटरचना व टंक या तिन्हींची मानके एकत्र कार्य करीत असतात.

मराठीचे विशेष प्रश्न : देवनागरी ही हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी, संस्कृत इ. भाषांची समान लिपी असल्याने मराठीचे वेगळेपण मानकात आपोआप येत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ यांतील अर्धा र होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ या रूपांतील एक गुरूचे, तर दुसरे स्वयंपाक्याचे आहे. हा भेद हिंदीत नाही. इस्कीने त्यासाठी ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णापुढे हलन्त चिन्ह देण्याची पद्धत घालून दिली होती. १९९६ मधील युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र साध्या ‘र’ ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची रीत होती. नंतर इस्कीची पद्धत स्वीकारण्यात आली व जुन्या मजकुरासाठी दुसरीही मान्य राहिली. परिणामी ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठविला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. संगणकास ती भिन्न वाटतात व एका रूपाने शोध घेतल्यास दुसरे सापडतेच असे नाही.

‘ॲ’ या स्वराचा इतिहासही असाच आहे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीत हे अक्षर अनेक दशके छापले जात होते. परंतु युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र संकेतांक नव्हता. ‘अ’ पुढे अर्धचंद्र जोडून ते लिहीत. एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत ते स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेच्या व लिपीच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढला, त्यात ‘ॲ’ व ‘ऑ’ या स्वरांना वर्णमालेत स्थान देण्यात आले आणि ‘ल’ व ‘श’ यांच्या मराठी वळणाच्या आकृती निश्चित करण्यात आल्या. या आकृती हिंदीतील आकृतींहून भिन्न असल्या, तरी वर्ण तेच असल्याने त्यांना वेगळे संकेतांक देता येत नाहीत; मजकुराची भाषा मराठी आहे हे कळल्यावर टंकाने योग्य आकृती निवडावी, अशी सोय ओपनटाइपमध्ये करण्यात आलेली आहे.

अक्षरक्रमाचा प्रश्न याहून निराळा आहे. युनिकोडच्या कोष्टकात ‘ळ’ हा ‘ल’ च्या लगेच नंतर येतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ च्या नंतर असून शेवटी ‘क्ष’ व ‘ज्ञ’ येतात. केवळ संकेतांकांच्या क्रमाने मतदारांची वा गावांची यादी लावल्यास ती मराठी कोशाच्या क्रमाने लागत नाही. म्हणून प्रत्येक भाषेचा अक्षरक्रम, महिन्यांची नावे, लक्ष-कोटींच्या हिशेबाने अंकांत स्वल्पविराम देण्याची रीत इ. माहिती वेगळी नोंदवावी लागते. लिनक्समध्ये या नोंदीस मराठीचा ‘एमआर’ व भारताचा ‘आयएन’ हे आंतरराष्ट्रीय संकेत जोडून नाव दिले जाते. अशा माहितीचा जागतिक संग्रह करण्याचे काम फ्री स्टँडर्ड्‌स ग्रुपच्या आंतरराष्ट्रीयीकरण विभागाने सुरू केले व २००४ मध्ये ते युनिकोड संघाकडे सोपविण्यात आले. मुक्त प्रणालीच्या गरजेतून निघालेला हा संग्रह आज मालकी हक्काच्या प्रणालीही वापरतात.

लिनक्समधील मराठी : मानकात अक्षर असणे व पडद्यावर ते दिसणे, यांत मोठे अंतर असते. ते भरून काढण्याच्या कामात मुंबई व पुणे या शहरांचा वाटा मोठा आहे. मुंबईत जुहू येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी भारतीय लिपींच्या टंकांचे काम केले. विंडोज प्रणालीतील ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांचा असून ‘रघु’ हा टंक मुक्त परवान्याखाली देण्यात आला. लिनक्सच्या चित्रमय पडद्यावर भारतीय लिपी आणण्यासाठी याच केंद्राने ‘इंडिक्स’ हा प्रकल्प चालविला. २००३ मध्ये हे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले. २००० च्या सुमारास मुंबईत वेंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांनी ‘इंडलिनक्स’ हा स्वयंसेवी उपक्रम सुरू केला. परिचालन प्रणालीतील सूचना, याद्या व संदेश भारतीय भाषांत आणणाऱ्या निरनिराळ्या गटांना त्याने एकत्र आणले.

पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडविलेले टंक रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुले केले. रेड हॅटच्या पुणे येथील अभियंत्यांनी पुढे त्यांची देखभाल केली. टंक खुला असल्याचा लाभ असा की, ‘ऱ्य’ चुकीचा जुळत असल्यास दोष दाखविणारा, तो दुरुस्त करणारा व दुरुस्तीची परीक्षा करणारा, हे तिघेही निरनिराळ्या ठिकाणचे असू शकत. जुळणीची आज्ञावली प्रथम पँगो व पुढे हार्फबझ या मुक्त प्रकल्पांत विकसित झाली. हार्फबझ आता अँड्रॉइड प्रणालीतही वापरली जाते.

मानक व मुक्त प्रणाली यांचा मेळ किती लवकर बसू शकतो, याचे उदाहरण म्हणजे रुपयाचे चिन्ह होय. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत संशोधन केलेल्या उदय कुमार यांनी रेखाटलेले हे चिन्ह केंद्र शासनाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. ऑक्टोबर २०१० मधील युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत त्यास संकेतांक मिळाला व त्याच महिन्यात निघालेल्या उबुंटू या लिनक्स वितरणात ते उपलब्ध झाले. ‘ॲ’ या अक्षरास मात्र युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून सुमारे सतरा वर्षे वाट पाहावी लागली. यांतील पहिल्या मागणीमागे शासन होते. भाषेच्या नित्याच्या गरजा मांडण्यासाठी अशी यंत्रणा नेहमीच उभी राहते असे नाही.

शासकीय धोरण : भारतात सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारित ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स’ अथवा ‘बॉस’ ही प्रणाली विकसित केली, तिची पहिली आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये निघाली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय असून लिनक्स मानक आधाराशी ती सुसंगत असल्याचे प्रमाणपत्र तिला मिळाले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी संकेतनाचे मानक म्हणून युनिकोड व टंकाचे मानक म्हणून वर उल्लेखिलेले १४४९६-२२ जाहीर केले. नोव्हेंबर २०१० मधील खुल्या मानकांच्या धोरणात, शासकीय वापरातील मानकांची संहिता उपलब्ध असावी व त्यांच्या वापरासाठी स्वामित्वशुल्क द्यावे लागू नये, हे तत्त्व मान्य करण्यात आले. २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आले. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या २०१६ च्या मानकाने भ्रमणध्वनी संचांवर सर्व अधिकृत भारतीय भाषांतील मजकूर वाचता येण्याची अट घातली. लिनक्सच्या गाभ्यावर उभ्या असलेल्या अँड्रॉइडमुळे मुक्तस्रोत प्रणाली ग्रामीण भागातील सामान्य माणसाच्या हाती आली, ती याच सुमारास.

मूल्यमापन : गेल्या चार दशकांच्या या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. मानकाशिवाय मुक्त प्रणालीचे तुकडे पडतात, हे यूनिक्सच्या फाटाफुटीने दाखविले. केवळ संहिता प्रसिद्ध करून मानक रुजत नाही, हे इस्की व लिनक्स मानक आधार या दोहोंच्या अनुभवाने दाखविले. ज्यास खुला टंक, खुली आज्ञावली व ती सांभाळणारी माणसे यांची जोड मिळाली, ते युनिकोड रुजले. इस्कीचे मूलतत्त्व युनिकोडमार्फत जगभर पोहोचले, हे भारतीय संशोधनाचे लक्षणीय यश होय. इस्कीतील ‘ऱ’ ची योजना प्रथम बाजूस पडून नंतर स्वीकारावी लागली, त्याचा भुर्दंड मात्र मराठी मजकुराच्या शोधात व वर्गीकरणात आजही पडतो. आंतरराष्ट्रीय मानकातील एकदा दिलेला संकेतांक मागे घेता येत नाही. चूक दुरुस्त होते ती नवी पद्धत जुनीच्या शेजारी ठेवून, आणि दोन्ही वागवाव्या लागतात. त्यामुळे मानक ठरत असतानाच भाषेच्या जाणकारांचा त्यात सहभाग असणे अगत्याचे ठरते.

मुक्त प्रणालीत हा सहभाग तत्त्वतः सर्वांना खुला आहे. अक्षरक्रमातील चूक कोणीही नोंदवू शकतो, टंकातील दोष कोणीही सुधारू शकतो व नव्या वर्णाचा प्रस्ताव पुराव्यासह कोणीही पाठवू शकतो. अशा कामास व्याकरण, मुद्रणपरंपरा व संगणकशास्त्र या तिहींचे ज्ञान आणि दीर्घकाळ पाठपुरावा करण्याची तयारी लागते. महाराष्ट्रात ते आजवर थोड्या संस्थांनी व मूठभर व्यक्तींनी केले आहे. मोडी लिपीला २०१४ मधील युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाल्याने महाराष्ट्रातील दप्तरखान्यांतून असलेली मोडी कागदपत्रे त्यांच्या मूळ लिपीत संगणकावर उतरविण्याची वाट मोकळी झाली आहे. त्यासाठी लागणारे टंक, कळफलक व शोधाची साधने परिपूर्ण करणे, हे या क्षेत्रातील पुढील कार्य आहे.